लाट आली की दोर सोडा

१

रविवारी सकाळी सात वाजता ग्वेन प्रिंगल क्लबचं दार उघडायची, किटली लावायची आणि चहा मुरेपर्यंत रहाट पुसून घ्यायची. तीस वर्षांत यात खंड पडला तो दोनदाच, एकदा तिचा नवरा वारला तेव्हा आणि एकदा तिचं अपेंडिक्स काढलं तेव्हा. दुसऱ्या खेपेला तिला जास्त चुटपुट लागली होती असं गावातले वात्रट लोक म्हणत, आणि त्यात थोडंफार तथ्य होतं.

मिलंगाचा किनारा लांबून शांत दिसतो. तिथं पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंसेवकांचा हा क्लब. वाळूत लाल-पिवळे झेंडे रोवायचे, यांच्यामध्येच पोहा म्हणून लोकांच्या विनवण्या करायच्या, आणि ऐकलं नाही की त्याच लोकांना समुद्रातून ओढून काढायचं, असा एकूण उद्योग. त्यासाठी आता रबरी होडी होती, पाण्यावर तरंगणाऱ्या फळ्या होत्या, रेडिओ होता. रहाट उरला होता नुसता शोभेला.

कमरेइतक्या उंच लाकडी चौकटीत बसवलेलं मोठं चाक, आणि त्यावर गुंडाळलेला चारशे मीटर सुती दोर. पूर्वी एकजण कमरेला कॅनव्हासचा पट्टा बांधायचा, पट्ट्याला मागून हा दोर अडकवायचा आणि पाण्यात शिरायचा. बुडणाऱ्याला नीट धरलं की तो एक हात वर करायचा. मग किनाऱ्यावरचे लोक दोघांना दोरानं ओढून आणायचे. पट्ट्याला एक पितळी खिट्टी असे. काही विपरीत घडलं तर ती उपसायची, की पट्टा सुटून माणूस मोकळा. ग्वेन ती खिट्टी इतकी लख्ख ठेवायची की तिच्यात स्वतःचं नाक दिसावं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिनं दोरावरून फडकं फिरवलं आणि ते ओलं झालं.

तिनं वर पाहिलं. छत कोरडं होतं, पाऊस पडून तीन आठवडे झाले होते. दोराचे शेवटचे दहाबारा वेढे तेवढे ओले होते, पट्ट्याकडच्या टोकाचे. तिनं बोट जिभेला लावलं तर खारट. क्लबच्या किल्ल्या दोनच, एक तिच्याकडे आणि दुसरी तिच्या मुलीकडे, शोनाकडे. आणि शोना असले चाळे करणाऱ्यांतली नव्हती. शेवटी समुद्रकाठची दमट हवा, असं ठरवून ग्वेननं दोर पुसला. तोवर चहा कडू झाला होता.

२

त्या पट्ट्याशी ग्वेनचं नातं जुनं होतं.

एकसष्ट साली ती नऊ वर्षांची होती. जानेवारीतल्या, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यातल्या भर दुपारी, तिचे वडील आर्थर वाळूत पेपर वाचत असताना, परत जाणाऱ्या पाण्याची ओढ तिला आत घेऊन गेली. लेन हॅस्केट नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा पट्टा बांधून तिच्या मागे गेला. आठवडाभर तो दूध घालायचा आणि शनिवार-रविवार क्लबवर असायचा. त्यानं तिला गाठलं, धरलं आणि हात वर केला.

पुढची चूक अशा किनाऱ्यांवरच होऊ शकते. दोर ओढायचा तो हळू, आणि लाट फुटताना तो सोडायचा, हे क्लबच्या माणसांना ठाऊक असतं. ओढतच राहिलं तर पट्टा बांधलेला माणूस लाटेच्या पोटातून खेचला जातो आणि खालीच राहतो. पण त्या दिवशी बघ्यांचा धीर सुटला. तिचे वडील सगळ्यांत पुढे धावले, मागून तीसचाळीस माणसांनी दोराला हात घातला, आणि सगळ्यांनी मिळून जीव खाऊन ओढलं. क्लबवाले ओरडत राहिले.

ग्वेनला आठवतात ते बरगड्यांखालचे दोन हात. ती खोकत होती, श्वास घेत होती, कारण ते हात तिला पाण्याच्या वर धरून होते. आणि हातांचा धनी पाण्याखाली होता. वाळूवर आणलं तेव्हा ती रडत होती आणि लेन गेलेला होता.

पट्ट्याची खिट्टी जागच्या जागी होती. खिट्टी उपसायला एक हात मोकळा लागतो. त्याचे दोन्ही ग्वेनखाली होते.

आर्थर पुढे पंचवीस वर्षं जगले, पण समुद्राकडे तोंड करून बसले नाहीत. ग्वेन मात्र रोज सकाळी डोळे उघडले की पाय जमिनीला लावण्याआधी मनात म्हणायची, "थँक्यू, लेन." लग्नाच्या दिवशी म्हणाली होती, शोना झाली तेव्हा म्हणाली होती, आणि फणसाएवढ्या भोपळ्याला जत्रेत पहिलं बक्षीस मिळालं तेव्हासुद्धा. आपल्याला मिळालेलं प्रत्येक साधंसुधं सुख कुणीतरी दोन हातांनी वर धरून ठेवलंय, असं तिला वाटायचं. त्यात तिला दुःख नव्हतं. खरं सांगायचं तर त्यानं ती आनंदी बाई झाली होती.

३

पुढच्या रविवारी दोर पुन्हा ओला होता. त्याच्या पुढच्या रविवारी ओल तीस वेढ्यांपर्यंत आली आणि फडक्याला वाळू लागली.

ग्वेन तशी खमकी. पोस्टात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला लोकांच्या थापा कळतात, आणि स्वतःच्याही कळतात. तिनं घरून पांढरा दोरा आणला, चाक आणि चौकट मिळून त्याचे तीन वेढे दिले आणि वर गाठ मारली. आता चाक फिरलं तर दोरा तुटणारच. शोनाला तिनं विचारलं, तू रहाटाला हात लावतेस का म्हणून. शोना म्हणाली, "आई, तुझ्या त्या देवाला हात लावायची कुणाची टाप आहे?"

रविवारी दोरा शाबूत होता, गाठ तीच होती. दोर निम्म्याच्या वर ओला होता आणि त्याच्या पदरात समुद्रातलं तपकिरी शेवाळ अडकलं होतं.

ती खुर्ची घेऊन समोर बसली. बाहेर उन्हं आली होती. कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं, किटली शिटी द्यायच्या बेतात होती. दोऱ्याचा कुणीतरी फोटो काढून ठेवला असेल आणि नंतर तशीच गाठ मारली असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण असं करण्याएवढी हौस मिलंगात कुणालाच नव्हती.

मग चाक वाजलं. टक्.

चाकाला एक दाता असतो. दोर सुटायला लागला की प्रत्येक खाचेला तो वाजतो. चाक तर हललं नव्हतं, दोरा ताणला गेला नव्हता. थोड्या वेळानं पुन्हा टक्. मधला वेळ सारखा होता, दमानं चालणाऱ्या माणसाच्या दोन पावलांइतका. आणि प्रत्येक आवाज आधीच्याहून किंचित बारीक येत होता. रहाट तिच्या गुडघ्याला लागून होता, आणि आवाज मात्र लांब चालला होता, पाण्याकडे.

किटली ओरडली तेव्हा ती उठली. गॅस बंद करताना तिच्या लक्षात आलं की आपण भ्यायलो आहोत, आणि लेनला भ्यायची आपल्याला लाज वाटते आहे.

४

वर्षातून एकदा, जानेवारीत, ग्वेन लॅमिंग्टनचा डबा घेऊन मर्ल हॅस्केटच्या घरी जायची. चॉकलेटमध्ये बुडवून किसलेल्या नारळात घोळवलेले ते केकचे चौकोन ती स्वतः करायची. मर्ल लेनची थोरली बहीण, आता सत्त्याहत्तरची. ती दार उघडायची, कशी आहेस विचारायची आणि डबा न घेता परत पाठवायची. आधी तिच्या आईनं हेच केलं होतं. डबा मग क्लबवर फस्त व्हायचा. जानेवारीत लॅमिंग्टन मिळतात एवढंच नव्या पोरांना माहीत होतं.

यंदा ग्वेन एप्रिलमध्ये पुन्हा गेली, रिकाम्या हातानं. मर्लनं तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि मटार सोलायला दिले. दोराचं सगळं ऐकून होईपर्यंत ती शेंगा फोडत राहिली.

"तुला काय वाटतं, काय हवंय त्याला?" तिनं विचारलं.

ग्वेन म्हणाली, "मला वाटतं, मी. माझ्या जागी तो जगला असता. आता पुरे झालं म्हणत असेल. तसं असेल तर माझी ना नाही, मिस हॅस्केट. मी भरपूर जगले."

"तू लहानपणापासून अशीच. सगळं स्वतःवर ओढवून घ्यायची हौस." मर्लनं टरफलं गोळा केली. "हे बघ पोरी, मी तुझ्यावर कधीच चिडले नाही. चिडले त्याच्यावर. आम्हाला विचारलं होतं का त्यानं? जीव त्याचा एकट्याचा होता का? आई रोज सहाला ताट वाढायची त्याचं, ती मरेपर्यंत. एक पोर वाचलं, चांगलं झालं. पण ते चांगलं झालं असं म्हणायची सक्ती आमच्यावरच का?"

ग्वेननं हळूच म्हटलं की लोक त्याला अजून मानतात, मीही रोज त्याचे आभार मानते.

"मान की. ज्याला मिळालं त्यानं आभार मानायचेच." मर्लचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तुझी शोना जाते ना पाण्यात? ती कुणा परक्यासाठी गेली आणि परत आली नाही, की त्या लोकांचे लॅमिंग्टन तू घेऊन दाखव. मग मी तुझ्या हातचे खाईन."

दारापर्यंत सोडायला आली तेव्हा मर्ल आणखी एक गोष्ट बोलली. लेनची खोली तिनं अजून बंद ठेवली होती, आणि हल्ली त्या खोलीपुढची फरशी सकाळी ओलसर लागते. "दमट हवा," ती म्हणाली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

५

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी गस्तीचा हंगाम संपतो. त्या दिवशी झेंडे गुंडाळून ठेवतात, क्लब धुऊन काढतात आणि दुपारी सॉसेज भाजतात. फळ्या आदल्या दिवशीच गावातल्या शेडमध्ये गेल्या होत्या. रबरी होडीचं इंजिन सुटं करून टेबलावर मांडलं होतं. मदतीला जमलेल्या पाचसहा जणांत साठीच्या आतली एक शोनाच होती; बाकीच्यांपैकी एकाचा गुडघा नवा होता आणि एकाला तो नवा हवा होता.

ग्वेननं त्या सकाळी रहाट पुसला नाही. पट्टा खिळ्यावर होता, खिट्टी जागेवर होती, आणि दोर सगळाच्या सगळा भिजलेला होता. खाली थारोळं साचलं होतं. तिनं त्यावर पोतं टाकलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

अकराच्या सुमारास सुट्टीवाल्यांच्या तंबूंच्या कॅम्पच्या बाजूनं एक बाई ओरडत आली. तिचा नवरा आणि सात वर्षांची मुलगी पाण्यात होती. मुलीला ओढ घेऊन गेली, बाप मागे गेला, आणि आता दोघंही कड्याच्या बाजूला लाटांपलीकडे दिसेनाशी होत चालली होती. हेलिकॉप्टरला चाळीस मिनिटं लागतील असं रेडिओवर कळलं.

शोनानं पायात पोहायचे रबरी पंखे चढवले आणि लाल तरंगती नळी खांद्याला अडकवली. क्लबचा पहिला धडा तीच नव्या मुलांना शिकवायची: पहिला जीव आपला, तुम्ही बुडलात तर वाचवायचे एकाचे दोन झाले. ग्वेनला वाटलं, ही आत्ता तो धडा आठवेल. मग वाटलं, हिला आठवत नसेल तर आपण आठवण करून द्यावी.

तिनं मुलीचं मनगट धरलं. "शोना, नको जाऊस. एकटी नको. होडी नाही, काही नाही."

शोनानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, नवलानं.

"आई, तू म्हणतेस हे?"

ग्वेननं मनगट सोडलं. मर्लच्या स्वयंपाकघरात जे तिला समजलं नव्हतं ते त्या एका क्षणात समजलं. त्रेपन्न वर्षं ती आभार मानत आली होती, ते दुसऱ्याच्या मुलासाठी. आता पाण्यात शिरणारी पाठ तिच्या मुलीची होती, आणि आभाराचा एक शब्द तिच्या तोंडून फुटत नव्हता.

६

दुर्बीण आणायला ती क्लबमध्ये धावली.

आत रहाट फिरत होता. टक् टक् टक्, वेगानं, समोर. पांढरा दोरा तुटून जमिनीवर पडला होता. दोर चाकावरून सुटून दारातून बाहेर, उतारावरून वाळूत आणि वाळूतून सरळ पाण्यात चालला होता. ती आत्ताच त्या दारातून आली होती आणि तेव्हा पायात दोर नव्हता. भिंतीवरचा खिळा रिकामा होता.

ती बाहेर आली आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. लाटांपलीकडे शोना दिसली, नळीला धरून. बाप दिसला, मुलगी दिसली. पाणी त्यांना कड्याखालच्या खडकांकडे नेत होतं. मग एक लाट उचलली गेली, आणि तिच्यावर ग्वेनला चार डोकी दिसली. चौथं जरा मागे होतं, काळेभोर केस डोक्याला चिकटलेले, तोंड दुसरीकडे. लाट खाली गेली. तिथून एक हात सरळ वर आला आणि तसाच राहिला.

ग्वेनच्या हातून दुर्बीण पडली. रहाट थांबला होता.

तोपर्यंत त्या बाईला दोर दिसला होता. दोर आहे म्हणजे ओढायचा, एवढंच तिला कळलं. तिनं तो धरला, कॅम्पवरची दहापंधरा माणसं धावली, क्लबचे म्हातारेही मागे लागले आणि सगळ्यांनी मिळून हिसका दिला. दोर पाण्यातून ताठ उठला.

"थांबा," ग्वेन म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मग ती सगळ्यांच्या पुढे गेली, दोर दोन्ही हातांत घट्ट धरला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. "हळू. मी सांगेन तेव्हाच. लाट आली की दोर सोडा."

तिच्या आयुष्यातली ती सगळ्यांत लांब पंधरा मिनिटं. समोर पोटची पोर होती आणि दोर हातात होता. हाड न् हाड सांगत होतं, ओढ. वडिलांना त्या दुपारी काय झालं असेल ते तिला आता कळलं, आणि त्यांच्याबद्दल मनात उरलेलं जे काही होतं ते निघून गेलं. पाठीमागे ती बाई तिच्या खांद्यावर बुक्क्या मारत होती, माझी मुलगी मरतेय, ओढा, म्हणत होती. ग्वेन मोठ्यानं मोजत होती. ओढा. ओढा. लाट, सोडा. दर वेळी दोर सैल सोडला की पलीकडे कुणीतरी श्वास घेतंय असं तिला तळहातांना जाणवायचं. कसं ते तिला सांगता आलं नसतं.

दोर जड होता. तीन माणसांना लागावा त्याहून जड. ती मोजत राहिली.

शेवटच्या लाटेनं त्यांना कमरेएवढ्या पाण्यात आणलं. आधी मुलगी, मग बाप, मग शोना. मुलगी ओकली आणि मोठ्यानं रडली, आणि ते ऐकून किनाऱ्यावरची निम्मी माणसं रडली. शोना वाळूत पालथी पडून धापा टाकत होती. ग्वेननं तिला उलटं केलं, तिचं तोंड पुसलं, कान धरले, पुन्हा तोंड पुसलं.

"पट्टा घालून कोणाला पाठवलंस गं?" शोनानं विचारलं. "माझं संपलं होतं, आई. हात चालेनात. कुणीतरी खालून धरलं. इथं." तिनं बरगडीखाली हात ठेवला. "मग म्हणाला, हळू ओढतायत या वेळी. एवढंच. तो कुठाय?"

ग्वेननं पाण्याकडे पाहिलं. दोराच्या टोकाशी पट्टा लाटेत खालीवर होत होता. ती गुडघाभर पाण्यात गेली आणि तो उचलला. त्यात कुणी नव्हतं. कॅनव्हास आतून ऊबदार होता.

खिट्टी उपसलेली होती.

७

हेलिकॉप्टरवाल्यांनी सगळ्यांना तपासलं. मुलीच्या बापानं दोराबद्दल विचारलं तेव्हा क्लबचे म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्यानं नेला असेल. ग्वेननं त्यांना तसंच वाटू दिलं. सॉसेज करपले, तरी खाल्ले.

जाताना ती बाई ग्वेनचे खांदे चेपत राहिली, मारल्याबद्दल माफी मागत राहिली. आपण यांचे आभार कसे मानू, असं तिनं चारचारदा विचारलं. ग्वेन म्हणाली, "रोज सकाळी, उठल्याबरोबर. पाय जमिनीला लावण्याआधी. तेवढं पुष्कळ होतं."

घरी जाऊन तिनं लॅमिंग्टन केले. शोना सोफ्यावर झोपली होती. नारळ किसता किसता ग्वेन दर पाच मिनिटांनी तिची छाती वरखाली होते का ते बघून येत होती. चार वाजता डबा आणि ओला पट्टा घेऊन ती मर्लच्या दाराशी उभी राहिली.

दार उघडंच होतं. मर्ल बोळात उभी होती, हातात जुना मोठा टॉवेल. तिचे डोळे सुजलेले होते आणि केस नीट विंचरलेले होते. पायरीवर वाळू होती. फरशीवर ओल्या अनवाणी पावलांचे ठसे बोळातून आत, लेनच्या बंद दारापर्यंत गेले होते. बाहेर येणारं पाऊल एकही नव्हतं.

"हळू बोल," मर्ल म्हणाली.

ग्वेननं पट्टा पुढे केला. मर्लनं खिट्टीच्या रिकाम्या छिद्रातून बोट फिरवलं आणि मान हलवली. मग तिनं पट्टा पायरीवरच ठेवला, घरात घेतला नाही.

"शोना?"

"आली परत."

"बरं झालं." मर्ल हे मनापासून म्हणाली, आणि तिचा चेहरा क्षणभर फार तरुण दिसला. तिनं हात पुढे करून डबा घेतला, झाकण उघडलं, आणि सहा लॅमिंग्टन एका ताटलीत काढले. "दोन मला," ती म्हणाली. "बाकीचे त्याला. सहाला उठेल तेव्हा भुकेला असेल."

त्रेपन्न वर्षांनी डबा हलका होऊन हातात आला. ग्वेनला निघायचं होतं, पण पाय निघेना. ठसे सुकायला लागले होते, कडेला मिठाची पांढरी रेघ उमटत होती. ती बोळातून हलक्या पावलांनी त्या दारापाशी गेली. दाराखालून समुद्राचा वास येत होता. आत काय आहे ते बघायची तिला भीती वाटली, आणि तिनं मुठीला हात लावला नाही.

"थँक्यू, लेन," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं.

आत पलंगाची स्प्रिंग करकरली. दमून झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तशी.

"जा आता," मर्ल मागून म्हणाली. "झोपू दे त्याला."